कीटकमातांची शिदोरी : जाँ आंरी फाब्र

जाँ आंरी फाब्र यांचा जन्म १८२३ सालीं दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यांत, अत्यंत गरीब घरांत झाला. शिष्यवृत्तीवर शिकून ते शिक्षक झाले व १८५३ पासून आव्हिन्याँ येथें शिकवूं लागले. पगार तुटपुंजा, संसार मोठा.

१८५४ च्या हिवाळ्यांत लेआँ द्युफूर या वृद्ध कीटकशास्त्रज्ञांचा एक निबंध त्यांच्या वाचण्यांत आला. सेर्सेरिस नांवाची शिकारी माशी जमिनींत बीळ करून त्यांत भुंगेरे सांठविते, अंडें घालते आणि निघून जाते. अंड्यांतून निघालेली अळी ती शिदोरी खाऊन वाढते. (आपल्या भिंतींवर मातीचीं घरटीं करणारी कुंभारीण पिलांसाठीं असेच कोळी भरून ठेवते.) नवल हें कीं, ते भुंगेरे कित्येक दिवस कुजत नाहींत. माशी शिकार ठार मारून तींत कुजूं न देणारा रस सोडते, असें द्युफूर यांचें मत होतें.

थोर पुरुषाचें मत म्हणून फाब्र यांनीं तें डोळे मिटून स्वीकारलें नाहीं. सोंडकिडे धरणारी त्याच जातीची एक माशी त्यांस आढळली. तिच्या बिळाशीं ते उन्हांत बसून राहिले. तिनें आणलेली शिकार हळूच काढून घेऊन त्यांनीं तेथें जिवंत सोंडकिडा ठेवला. माशीनें त्याला धरलें, छातीखालीं पुढच्या पायांमागील सांध्यांत नांगी खुपसली आणि तो तत्काळ निश्चल झाला. पण मेला मात्र नाहीं! अशा किड्यांच्या अंगांत विजेचा सौम्य प्रवाह सोडतांच त्यांचे पाय हलत. त्या जागीं मज्जातंतूंचीं केंद्रें एकमेकांस लागून असतात. तीं बधिर झालीं कीं किडा हालूं शकत नाहीं, पण जीव असल्यामुळें ताजा राहतो. १८५५ सालीं फाब्र यांनीं हें प्रसिद्ध केलें. ज्यांचें मत खोडलें गेलें, त्या द्युफूर यांनींच त्यांस उत्तेजनाचें पत्र धाडलें. आम्हांस हें पत्र त्या शोधाइतकेंच मोलाचें वाटतें.

पुढें मुलींस फुलांच्या फलनाविषयीं शिकविल्यावरून गहजब झाला आणि १८७० च्या सुमारास राहतें घरहि सोडावें लागलें. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनीं उसने पैसे दिले म्हणून कुटुंब तरलें. शाळेचीं पुस्तकें लिहून फाब्र यांनीं तें ऋण फेडलें व १८७९ सालीं सेरिन्याँ येथें एक दगडाळ माळ घेतला. तेथें शेणकिड्याच्या मादीचेंहि कौशल्य त्यांनीं पाहिलें. ती शेणाचा नासपतीसारखा गोळा घडवून निमुळत्या टोंकांत अंडें घालते. वरचें कवच वाळून कठीण होतें, पण आंतील अन्न मऊ राहतें.

११ ऑक्टोबर १९१५ रोजीं त्याच घरीं त्यांचें देहावसान झालें. आज तेथें त्यांचें संग्रहालय आहे.