विमानवेडे जे. आर. डी. टाटा



वैनगंगेपलीकडे गोंदियाजवळ बिरसी येथे विमानतळ व वैमानिक प्रशिक्षण केंद्र आहे, हे आपण सर्व जाणता. छोटे विमान आकाशात दिसले की आमचा वर्ग क्षणभर खिडकीकडे वळतो. आम्ही रागावत नाही, कारण आम्हीही बघतो. मात्र मार्च २०२३ मध्ये तेथीलच एक प्रशिक्षण विमान आपल्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले आणि त्यातील दोघांचाही मृत्यू झाला. त्यानंतर एका पालक सभेत आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईने हात जोडून विनंती केली की, मुलीच्या डोक्यातून ते विमानाचे खूळ काढा. त्या दिवशी आम्हाला काही उत्तर सुचले नाही. म्हणून या अंकासाठी ज्या थोर पुरुषाचे चरित्र निवडले, ते त्या माउलीने वाचावे अशी आमची इच्छा आहे.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. फ्रान्सच्या समुद्रकिनारी त्यांचे कुटुंब सुट्टीत राहायला जात असे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घर तेथे जवळच होते. त्या वाळूवर उतरणारी विमाने बघत हा मुलगा मोठा झाला आणि पंधराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसला. केंब्रिजला शिकण्याची फार इच्छा होती, पण वडिलांनी मुंबईला बोलावून घेतले आणि १९२५ मध्ये ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. विद्यापीठाची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. (दहावी-बारावीच्या निकालानंतर रडणाऱ्या मुलांनी व त्यांना रडवणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा जे. आर. डी. तेथे धावले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच, क्रमांक एक.

त्याच वर्षी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास ठरलेल्या मुदतीत एकट्याने विमानाने करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होते. तिघे जण निघाले. मनमोहन सिंग व अवघ्या सतरा वर्षांचे ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडकडून भारताकडे आणि जे. आर. डी. मे १९३० मध्ये कराचीहून इंग्लंडकडे.

त्यांचे विमान जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, वर कापड, एक इंजिन, बसायची जागा उघडी. रेडिओ नाही. असा लांबचा प्रवास कसा आखत असतील? नकाशावर एकेक टप्पा आखायचा, कोठे पेट्रोल मिळेल ते आधी निश्चित करायचे आणि मग हिशेब. आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनी करून बघावा. विमान ताशी १३० किलोमीटरने जात असेल तर ४०० किलोमीटरला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला की पूर्ण चार तास. तेवढे पेट्रोल टाकीत नसेल तर? आणि होकायंत्र एक अंश जरी चुकले, तरी दर ६० किलोमीटरला विमान एक किलोमीटर बाजूला जाते. पाच अंश चुकले तर ३०० किलोमीटरनंतर आपण पंचवीस किलोमीटर दुसरीकडेच! हे काल्पनिक नाही. त्याच मे महिन्यात इंग्लंडच्या ॲमी जॉन्सन ऑस्ट्रेलियाकडे एकट्या निघाल्या होत्या. समोरच्या वाऱ्याने त्यांचे पेट्रोल अलाहाबादच्या आधीच संपत आले आणि त्यांना आपल्या झाशीच्या परेड मैदानावर उतरावे लागले.

जे. आर. डी. इजिप्तमध्ये अबूकीर येथे उतरले, तर तेथे समोरून आलेले ॲस्पी अडकून पडलेले. इंजिनासाठी स्पार्क प्लग हवे होते आणि त्यांच्याजवळ जादा नव्हते. जे. आर. डीं.नी निघताना जादा प्लग सोबत घेतले होते. त्यांनी ते आपल्या प्रतिस्पर्ध्याला दिले. ॲस्पी पुढे निघाले, कराचीला पोहोचले आणि जिंकले. तेव्हा जे. आर. डी. जेमतेम पॅरिसपर्यंत आले होते. मनमोहन सिंगांची मुदत टळली होती. हेच ॲस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

लोक या प्रसंगात मोठे मन बघतात, ते बरोबरच आहे. आम्हाला मात्र ते जादा प्लग दिसतात. देण्यासाठी आधी जवळ असावे लागते, आणि ते घरून निघतानाच आठवणीने बांधून घ्यावे लागते.

पुढे नेव्हिल विन्सेंट या वैमानिकाच्या योजनेवरून टाटांनी हवाई टपाल सुरू केले. सरकारने अनुदान नाकारले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. पस मॉथ विमानात सुमारे २५ किलो टपाल घेऊन कराचीहून निघाले. सोबतीला गॉगल आणि हिशेबाची सरकपट्टी, म्हणजे स्लाइड रूल. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी ते मुंबईला जुहूच्या मातीच्या पट्टीवर उतरले आणि तेथून विन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेले. पावसाळ्यात जुहूला पाणी साचे, म्हणून त्या दिवसांत पुण्याहून काम चाले. याच धंद्याची पुढे १९४६ मध्ये एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये ती सरकारने घेतली आणि २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली.

धोका नव्हता असे आम्ही त्या आईला सांगणार नाही. हेच विन्सेंट १९४२ मध्ये महायुद्धाच्या काळात विमानासह नाहीसे झाले. जे. आर. डी. मात्र पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ७८ व्या वर्षी लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानातून तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा करून आले. नव्या पिढीत उमेद यावी, एवढाच त्यांचा उद्देश होता. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित या तरुणीने त्या पहिल्या उड्डाणाची आठवण म्हणून भुज-अहमदाबाद-जुहू असा प्रवास छोट्या विमानातून एकटीने केला. आमच्या त्या विद्यार्थिनीला आम्ही हे सांगितले, तेव्हा तिने प्रथम विचारले की वाटेत पेट्रोल कोठे भरले असेल. नंतर ती शाळेचा ॲटलास मागून घेऊन गेली. तो अजून परत आलेला नाही.