पडद्यावरील उमेदवारी : बाबूराव पेंटर यांची नेपथ्यातील प्रारंभीची वर्षे

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास प्रामुख्याने नाटककार, गायक नट आणि नाटक मंडळ्यांचे चालक यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. नाट्यसंहिता ग्रंथरूपाने उरली, गायकाचा आवाज काही प्रमाणात तबकडीवर उरला. परंतु ज्या रंगविलेल्या पडद्यांसमोर ते नाटक उभे राहत असे, ते पडदे प्रवासाने, दमट हवेने आणि वारंवारच्या वापराने झिजून गेले. बाबूराव पेंटर यांच्या चरित्राचा पूर्वार्ध या झिजून गेलेल्या कलेशी निगडित आहे. चित्रपटनिर्माते म्हणून त्यांना लाभलेली कीर्ती एवढी मोठी, की तत्पूर्वीची उमेदवारीची वर्षे ही केवळ एक प्रस्तावना समजली जाते. वस्तुतः त्यांच्या पुढील कर्तृत्वाची दिशा याच वर्षांत निश्चित झाली.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव हे कुशल कारागीर असल्यामुळे हत्यार हाताळणे, माप घेणे आणि वस्तू घडविणे हे संस्कार बाबूरावांना घरातच मिळाले. कलाशाळेतील रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी निरीक्षणाने व सरावाने आत्मसात केली. राजा रविवर्मा यांच्या शिळाछापावरील चित्रांनी त्या काळी घरोघरी प्रवेश केलेला होता. पौराणिक पात्रांना मानवी देह, वस्त्राला वजन आणि प्रसंगाला प्रकाश देणारी ती शैली या पिढीच्या दृष्टीत भिनलेली होती.

कोल्हापूरची परिस्थितीही अनुकूल होती. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे गायन, मल्लविद्या, चित्रकला आणि नाट्य या कलांना तेथे मानाचे स्थान होते. पॅलेस थिएटर हे नाट्यगृह 1915 मध्ये तयार झाले. केशवराव भोसले यांचे नाव पुढे धारण करणारी ही वास्तू ऑगस्ट 2024 मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. बाबूरावांच्याच वयाचे आणि कोल्हापूरचेच असलेले केशवराव यांनी 1908 मध्ये ललितकलादर्श मंडळी स्थापिली होती. किर्लोस्कर मंडळीने 1911 मध्ये ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले, तर 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळीचा उदय झाला. मंडळ्यांतील स्पर्धा गायनापुरती मर्यादित राहिली नव्हती. पारशी मंडळ्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांना वैभवाची सवय लावली होती आणि त्यामुळे उत्तम पडदे रंगविणारा चित्रकार ही मंडळीची निकड ठरली होती.

या निकडीतूनच बाबूराव आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव यांची जोडी पुढे आली. साधारणतः 1910 ते 1916 या काळात पश्चिम भारतातील अग्रगण्य पडदे-चित्रकार म्हणून या दोघांचा लौकिक झाला. मराठी संगीत मंडळ्यांप्रमाणेच गुजराती व पारशी मंडळ्यांसाठीही त्यांनी पडदे रंगविले. विशीतील तरुणाने मिळविलेला हा लौकिक किती श्रमसाध्य होता, हे त्या व्यवसायाचे स्वरूप पाहिल्यास ध्यानात येते. कापडाचे पट्टे जोडून पडदा शिवावयाचा, तो ताणून त्यावर सरस व खडूचे अस्तर द्यावयाचे, लहान रेखाटनावरील चौकटी मोठ्या प्रमाणात उतरवून घ्यावयाच्या आणि मग रंगकाम करावयाचे, असा त्याचा क्रम. सरसात कालविलेला रंग ओला असताना गडद आणि वाळल्यावर फिका दिसतो. तेव्हा आज लावलेला रंग उद्या कसा दिसेल, याचा अंदाज बांधूनच हात चालवावा लागे. चित्र हातभर अंतरावरून रंगवावयाचे, पण ते पाहिले जावयाचे शेवटच्या रांगेतून. शिवाय दिवसाच्या उजेडात रंगविलेले दृश्य रात्री दिव्यांच्या प्रकाशात खुलले पाहिजे, ही अट होतीच.

पडद्यांचे विषय बव्हंशी ठरलेले असत: राजवाडा, रस्ता, उपवन, अरण्य, कारागृह. एकच पडदा अनेक नाटकांना उपयोगी पडे. मंडळी गावोगाव फिरत असल्याने तो गुंडाळता आला पाहिजे आणि रंगाचे पोपडे न निघता पुन्हा उलगडला पाहिजे, हाही व्यवहार सांभाळावा लागे. या कामात चित्रकाराला एका मूलभूत अडचणीशी सामना करावा लागे. यथादर्शनाच्या नियमानुसार दूरचा दरवाजा लहान काढला जाई. परंतु नट त्या दरवाजाजवळ गेला की तो त्याहून उंच दिसे आणि खोलीचा आभास क्षणात मोडे. रंगविलेली सावली स्थिर राही, नटाची सावली हलत राही. चित्र जितके वास्तवाकडे झुकावे, तितकी ही विसंगती अधिक जाणवे. सपाट कापडावर खोली निर्माण करण्यात ज्याचा दिवस जात असे, त्या चित्रकाराला त्या कापडाची मर्यादा इतरांहून अगोदर कळणे स्वाभाविक होते.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये प्रदर्शित झाला आणि उभय बंधूंना चलच्चित्राचा ध्यास लागला. पडदे रंगवून पोट भरावयाचे आणि उरलेला वेळ व पैसा यंत्राच्या खटाटोपात घालावयाचा, असा क्रम सुरू झाला. तो ऐन भरात असतानाच 1916 मध्ये आनंदराव निवर्तले. सव्वीस वर्षांच्या बाबूरावांचा सहकारी आणि स्वप्नातील भागीदार एकाच वेळी हरपला. पडद्यांच्या व्यवसायात त्यांचे नाव झालेले होते. सुरक्षित वाट तीच होती. तथापि त्यांनी कॅमेऱ्याचे काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी 1918 मध्ये चालू स्थितीतील कॅमेरा सिद्ध केला. कारागिराच्या घरातील संस्कार येथे कामी आले. गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पुण्यात प्रदर्शित झाला. त्याचे कथानक, 1910 मध्ये सरकारने बंदी घातलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकाशी नाते सांगणारे होते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

लक्षणीय बाब ही, की पडद्यांवर नाव मिळविलेल्या या चित्रकारानेच चित्रपटातून रंगविलेला पडदा दूर सारला. सपाट चित्राऐवजी घनाकार, वावरता येण्याजोगे नेपथ्य त्यांनी उभे केले. ‘सिंहगड’ (1923) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. पूर्वी रंगाने सुचविलेली सावली आता दिव्याने पाडली जाऊ लागली. रंगभूमीवरही बदल घडत होता; ललितकलादर्शच्या ‘सत्तेचे गुलाम’ (1922) या नाटकासाठी पु. श्री. काळे यांनी वास्तवदर्शी नेपथ्य केले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: नट आणि स्थळ यांना एकाच अवकाशात कसे आणावयाचे.

या उमेदवारीचा वारसा शिष्यांकडेही गेला. दामले आणि एस. फत्तेलाल हे दोघेही याच परंपरेत घडले आणि 1929 मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे संस्थापक-भागीदार झाले. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिस येथे गौरव झाला. मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हा व्यवसायवाचक शब्दच बाबूरावांचे आडनाव बनला, आणि 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापूर येथे निधन होईपर्यंत ते त्याच नावाने ओळखले गेले. त्यांची ख्याती चित्रपटाची. नाव मात्र रंगाच्या कुंचल्याने दिलेले. नाट्येतिहासात नेपथ्याला आनुषंगिक मानण्याची रूढी सोडल्याशिवाय मराठी चित्रपटाच्या आरंभाचा यथार्थ उलगडा होणार नाही, हे या चरित्रावरून स्पष्ट होते.