पंचाहत्तरीतला प्रेमपट

डिसेंबर १९६४ मध्ये पॅरिसमध्ये एका डॅनिश चित्रपटाचा पहिला खेळ झाला. दिग्दर्शकाचे वय होते पंचाहत्तर. मधल्या नऊ वर्षांत त्यांचा एकही चित्रपट आला नव्हता. त्यामुळे फ्रान्समधील चित्रपटसृष्टीतील मातब्बर मंडळी त्यांच्या सन्मानार्थ मोठ्या अपेक्षेने जमली होती. पडद्यावर मात्र त्यांना दिसली ती सोफ्यावर बसून संथ स्वरात बोलणारी, एकमेकांकडे क्वचितच पाहणारी माणसे. सुमारे दोन तासांच्या या चित्रपटात नव्वद शॉटसुद्धा नव्हते. प्रेक्षागृहात चुळबूळ सुरू झाली, काही जण उठून गेले आणि वृत्तपत्रांतील समीक्षकांनी म्हाताऱ्या दिग्दर्शकाची कठोर शब्दांत हजेरी घेतली. त्यांचा काळ संपला, हाच बहुतेकांचा निष्कर्ष होता.

तो चित्रपट म्हणजे ‘गर्ट्रूड’ आणि ते दिग्दर्शक म्हणजे कार्ल थिओडोर ड्रायर. ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’मुळे जगातील थोर दिग्दर्शकांत गणले गेलेले ड्रायर आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर एका प्रेमकथेकडे का वळले असतील? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्यांच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

ड्रायर यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८८९ रोजी कोपनहेगन येथे झाला. त्यांची आई योसेफीन निल्सन ही स्वीडनच्या दक्षिणेकडील स्कोने प्रांतात एका जमीनदाराच्या घरी घरकाम पाहणारी अविवाहित स्त्री होती. जमीनदाराने मुलाचे पितृत्व स्वीकारले नाही. लोकनिंदा टाळण्यासाठी तिने सीमा ओलांडून डेन्मार्कमध्ये बाळाला जन्म दिला, त्याला परक्यांच्या हाती सोपवले आणि ती परतली. पहिली दोन वर्षे ते मूल या ना त्या आश्रयाला वाढत राहिले. पुढे कोपनहेगनमधील छापखान्यात काम करणाऱ्या कार्ल थिओडोर ड्रायर नावाच्या गृहस्थांनी त्याला दत्तक घेतले आणि स्वतःचेच नाव दिले. आईच्या नशिबी मात्र सुटका नव्हती. १८९१ च्या आरंभी ती पुन्हा गरोदर होती. गर्भ पाडण्यासाठी तिने आगकाड्यांचे गुल पोटात घेतले आणि त्या विषाने तिचा अंत झाला. तिचा मुलगा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता.

दत्तक घराने कार्लच्या पोटापाण्याची आणि शिक्षणाची सोय केली. माया मात्र दिली नाही. आपण उपकाराचे धनी आहोत याची जाणीव त्याला सतत करून दिली जाई आणि ही बोच त्याच्या मनातून कधी गेली नाही. सोळा-सतराव्या वर्षीच त्याने ते घर सोडले. पुढे आईचे आयुष्य आणि तिचा मृत्यू कसा झाला हे त्याला समजले. या गोष्टीची जाहीर वाच्यता मात्र ड्रायर यांनी कधी केली नाही. जन्मदात्रीविषयीची अपार करुणा आणि तिला वाऱ्यावर सोडणाऱ्या प्रतिष्ठित जगाविषयीचा संताप त्यांनी मनात जपून ठेवला.

घर सोडल्यावर उपजीविकेसाठी त्यांनी ग्रेट नॉर्दर्न टेलिग्राफ कंपनीत कारकुनी केली. पण खातेवह्यांत त्यांचे मन रमले नाही. ते पत्रकारितेत शिरले. नाटके, बलून आणि विमानाची उड्डाणे, नामवंतांची खोडकर शब्दचित्रे असे सर्व काही त्यांनी लिहिले. १९११ मध्ये एब्बा लार्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार ड्रायर यांच्या मृत्यूपर्यंत टिकला. १९१३ च्या सुमारास त्यांनी नॉर्डिस्क या त्या काळच्या बलाढ्य चित्रसंस्थेत पाऊल ठेवले. मूकपटांच्या पाट्या लिहिणे, पटकथा रचणे, कादंबऱ्या वाचून त्यांची पारख करणे, संकलन करणे अशी उमेदवारी त्यांनी काही वर्षे केली आणि मग त्यांच्या हाती दिग्दर्शनाची सूत्रे आली.

पहिल्याच चित्रपटासाठी त्यांनी निवडलेली कथा बोलकी आहे. १९१९ च्या ‘प्रेसिडेंट’मध्ये एका न्यायाधीशासमोर नवजात बालकाच्या हत्येचा आरोप असलेली तरुणी उभी राहते आणि ती आपलीच, कधीही न स्वीकारलेली मुलगी आहे, हे त्याला उमगते. ड्रायर यांची जन्मकथा तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. ज्यांना ती आज ठाऊक आहे, त्यांना या योगायोगाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

वृद्धत्व आणि प्रेम यांची गाठ त्यांच्या चित्रपटांत पहिल्यांदा पडली ती १९२० च्या ‘द पार्सन्स विडो’मध्ये. एका स्वीडिश संस्थेसाठी केलेल्या या चित्रपटाचे चित्रीकरण नॉर्वेत, लिलेहामर येथील जुन्या घरांच्या खुल्या संग्रहालयात झाले. सतराव्या शतकातील खेडे. तरुण धर्मोपदेशकाला चर्चमधील जागा हवी असेल, तर आधीच्या उपदेशकाच्या विधवेशी लग्न करण्याची तेथे प्रथा. नोकरीच्या लोभाने नायक त्या म्हातारीशी लग्न करतो, स्वतःच्या वाग्दत्त वधूला बहीण म्हणून घरात आणतो आणि म्हातारी कधी मरते याची वाट पाहत बसतो. येथवर सगळा विनोदाचा मामला आहे. पण वधूला अपघात होतो, म्हातारी तिची मनापासून शुश्रूषा करते आणि खरे नाते कळल्यावर आपली कहाणी सांगते. तीही कधी काळी तरुण होती, तिचेही एकावर प्रेम होते आणि त्यांच्या मीलनाच्या आड अशीच एक म्हातारी विधवा होती. ज्या प्रेमाने तिला एकेकाळी कोणाच्या मरणाची वाट पाहायला लावली, तेच प्रेम आता तिला या जोडप्याची वाट मोकळी करायला सांगते. ही भूमिका करणाऱ्या हिल्डूर कार्लबर्ग सत्तरी ओलांडलेल्या आणि आजारी होत्या. त्यांनी काम पूर्ण केले. पण चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच त्यांचे निधन झाले. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर ड्रायर यांचा कॅमेरा ज्या आदराने स्थिरावतो, तो आदर पुढे त्यांच्या प्रत्येक चित्रपटात दिसतो.

१९२४ मध्ये जर्मनीत केलेल्या ‘मायकेल’मध्ये पुन्हा एक वृद्ध आहे. तो नामवंत चित्रकार असून आपल्या तरुण मॉडेलवर जीव टाकतो आणि त्याने केलेला विश्वासघातही क्षमाशीलपणे पोटात घालतो. पुढच्याच वर्षीच्या ‘मास्टर ऑफ द हाऊस’मध्ये बायकोला मोलकरणीसारखे राबवणाऱ्या नवऱ्याला घरातील वृद्ध दाई वठणीवर आणते. हा घरगुती चित्रपट फ्रान्समध्ये इतका गाजला, की तेथील एका संस्थेने ड्रायर यांच्यासमोर नव्या, भव्य चित्रपटाचा प्रस्ताव ठेवला. त्यातून १९२८ चा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ साकारला.

खटल्याच्या मूळ नोंदींवर आधारलेल्या या मूकपटासाठी मोठा, खर्चिक सेट उभारण्यात आला. पण पडद्यावर प्रामुख्याने दिसतात ते चेहरे, तेही रंगभूषेविना. जोनच्या भूमिकेतील फाल्कोनेत्तीचा कापलेल्या केसांचा, अश्रूंनी भिजलेला चेहरा चित्रपटकलेच्या इतिहासात अमर झाला. एकाकी स्त्री आणि तिच्याभोवती निवाडा करायला बसलेले पुरुष, ही ड्रायर यांच्या मनातील मूळ प्रतिमा येथे पूर्णत्वाने प्रकट झाली. चित्रपटाचे नशीब मात्र खडतर होते. सेन्सॉरने त्याला कात्री लावली आणि मूळ निगेटिव्ह त्याच वर्षी बर्लिनमध्ये आगीत जळाली. अनेक दशके त्याच्या तुटक्या-फुटक्या प्रतींवरच रसिकांना समाधान मानावे लागले. मूळ रूपातील प्रत सापडली ती १९८१ मध्ये, ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात! तो दिवस पाहायला ड्रायर हयात नव्हते.

कीर्ती मिळाली तरी धंद्याचे गणित जमले नाही. १९३२ च्या ‘व्हॅम्पायर’ची बर्लिनमध्ये हुर्यो उडाली, ड्रायर यांचे मनःस्वास्थ्य ढासळले आणि पुढे दहा-अकरा वर्षे त्यांना एकही कथापट करता आला नाही. १९१९ ते १९२८ या दहा वर्षांत नऊ चित्रपट करणाऱ्या या कलावंताला उरलेल्या चाळीस वर्षांत अवघे पाच करता आले. मधल्या काळात ते पुन्हा वार्ताहर झाले आणि कोपनहेगनच्या न्यायालयांतील खटल्यांची वृत्ते लिहू लागले. १९४२ मध्ये त्यांनी एक छोटा माहितीपट केला. त्याचा विषय होता अविवाहित, निराधार मातांना साहाय्य करणारी डेन्मार्कमधील संस्था. असा आधार पन्नास वर्षांपूर्वी योसेफीन निल्सनला मिळता तर, हा विचार त्यांच्या मनात आल्यावाचून राहिला असेल का?

१९४३ मध्ये, देशावर नाझींचा अंमल असताना, त्यांनी ‘डे ऑफ रॅथ’ केला. चेटकीण ठरवून जिवंत जाळली जाणारी म्हातारी, वृद्ध धर्मोपदेशकाची तरुण पत्नी आणि सावत्र मुलावर जडलेले तिचे प्रेम असा त्याचा विषय होता. चेटकिणींच्या छळात प्रेक्षकांना नाझींची दडपशाही दिसली. लवकरच ड्रायर स्वीडनला निघून गेले आणि युद्ध संपेपर्यंत तेथेच राहिले. १९५२ मध्ये डॅनिश सरकारने त्यांना कोपनहेगनमधील डागमार हे चित्रपटगृह चालवण्याचा परवाना दिला. कलावंतांच्या चरितार्थाची सोय व्हावी म्हणून असे परवाने देण्याची तेथे पद्धत होती. या उत्पन्नामुळे ड्रायर यांची ओढाताण थांबली.

१९५५ चा ‘ऑर्डेट’ त्यांना व्हेनिस महोत्सवाचा ‘गोल्डन लायन’ मिळवून देणारा ठरला. काय मुंक या नाटककाराच्या कृतीवरील या चित्रपटात इंगर ही सून बाळंतपणात दगावते आणि अखेरच्या दृश्यात शवपेटीतून उठून बसते. श्रद्धेचा चमत्कार म्हणून हे दृश्य जगभर वाखाणले गेले. पण शुद्धीवर येताच इंगर पतीला ज्या आवेगाने बिलगते, तो देहाच्या प्रेमाचाही जयजयकार आहे. गरोदरपणाने जिचा बळी घेतला त्या मातेला मुलाने निदान पडद्यावर तरी परत आणले, असे ड्रायर यांचे चरित्र जाणणाऱ्याला वाटल्यास नवल नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी आली ‘गर्ट्रूड’. स्वीडिश लेखक यालमार सोडरबर्ग यांच्या १९०६ च्या नाटकातील ही नायिका एकेकाळची गायिका आहे. मंत्रिपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या वकील नवऱ्याला ती सोडते, कारण त्याच्या लेखी काम आधी आणि प्रेम नंतर. ज्या तरुण संगीतकारावर ती जीव ओवाळते, तो मेजवानीत तिच्या नावाची बढाई मारतो. कीर्तीच्या शिखरावरचा कवी, तिचा पूर्वीचा प्रियकर, तिला परत बोलावतो. पण त्यालाही प्रेमापेक्षा कविता मोठी वाटली होती, हे ती विसरलेली नाही. तिघांनाही ती नकार देते. ती भूमिका नीना पेन्स रोदे यांनी विलक्षण संयमाने साकारली आहे.

नाटक येथे संपते, ड्रायर मात्र थांबत नाहीत. त्यांनी स्वतःच्या लेखणीने एक उपसंहार जोडला. अनेक वर्षे लोटली आहेत. पांढऱ्या केसांची गर्ट्रूड एकटी राहते. एक जुना स्नेही तिला भेटायला येतो. त्याची पत्रे ती त्याला परत देते आणि तो ती शेगडीत टाकतो. थडग्यावर कोरण्यासाठी तिने शब्द निवडून ठेवले आहेत. प्रेम हेच सर्वस्व, या अर्थाचे दोन लॅटिन शब्द. मग ती दारातून त्याला निरोप देते, दार मिटते आणि कॅमेरा त्या बंद दाराकडे पाहत राहतो.

गर्ट्रूडचे बरोबर की चूक, हे ड्रायर सांगत नाहीत. अपुरे प्रेम नाकारण्याची किंमत म्हणून तिच्या वाट्याला एकाकीपण येते आणि चित्रपट ते लपवीत नाही. पण तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची छटाही नाही. ज्या दिग्दर्शकाच्या पडद्यावर जोनपासून अनेक स्त्रियांचा निवाडा पुरुषांनी केला, त्याच्या अखेरच्या चित्रपटात स्त्री स्वतःच निवाडा करते आणि शांतपणे म्हातारी होते. योसेफीन निल्सनला म्हातारपण लाभलेच नव्हते.

पॅरिसच्या त्या रात्रीनंतर फ्रान्समधील नव्या पिढीचे दिग्दर्शक आणि समीक्षक ‘गर्ट्रूड’च्या पाठीशी उभे राहिले आणि हळूहळू तिची गणना ड्रायर यांच्या श्रेष्ठ कृतींत होऊ लागली. स्वतः ड्रायर दुसऱ्याच ध्यासात होते. येशूच्या जीवनावरील चित्रपटाची पटकथा त्यांनी १९५० च्या सुमारासच लिहून ठेवली होती. त्यासाठी ते हिब्रू शिकले, इस्रायलला जाऊन आले. अखेर डॅनिश सरकारने अर्थसाहाय्याची तयारी दाखवली. पण तोवर फार उशीर झाला होता. २० मार्च १९६८ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

१९८२ मध्ये मॉरिस ड्रूझी या अभ्यासकाच्या ग्रंथातून ड्रायर यांच्या जन्माची कहाणी जगासमोर आली. तोवर ड्रायर यांना थंड, कठोर, देवाधर्माचा दिग्दर्शक म्हणून ओळखणाऱ्यांना त्यांचे चित्रपट पुन्हा पाहावेसे वाटू लागले. धर्मोपदेशकाच्या वृद्ध विधवेपासून पांढऱ्या केसांच्या गर्ट्रूडपर्यंत त्यांनी एकाच गोष्टीचा पाठपुरावा केल्याचे मग दिसू लागते. आपल्या आईला जे जगाने नाकारले, ते प्रेम त्यांनी पंचाहत्तराव्या वर्षी, लोकांच्या चेष्टेची पर्वा न करता, सर्वांत उंच आसनावर बसवले.