जोतिबांचे ताल-बंधारे आणि आपली पैनगंगा

शेतकरी बंधूंनो, महात्मा जोतिराव फुले म्हटले की आपल्याला 1848 सालची पुण्यातली मुलींची शाळा आठवते. पण जोतिबा माती-पाण्याचेही जाणकार होते, हे ध्यानात घ्या.

1827 साली फुलमाळ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. पुढे त्यांनी बांधकामाचे ठेके घेतले, खडकवासला धरणाच्या कामाला माल पुरवला. मांजरीला कालव्याच्या पाण्यावर शेतीही केली. म्हणून 1883 साली लिहिलेला त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' नुसता कागदी नाही.

त्यात काय सांगितलं? पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा, शेणमूत कुजून पावसाबरोबर शेतात उतरायचं. जंगल खात्यानं रानं अन् गायरानं बंद केली; जनावरं घटली, खत घटलं. त्यावर उपाय म्हणजे ताल-बंधारे असे घालावेत की पाणी आधी शेतात मुरेल, मग ओढ्याला मिळेल. या कामी सरकारनं पलटणीतली व पोलिसातली रिकामी माणसं लावावीत. नदीनाल्यांतला, तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा. राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली 2017 साली, म्हणजे 134 वर्षांनी!

आता आपल्याकडे बघा. वाशीम हा माथ्यावरचा जिल्हा. काटेपूर्णेचं पाणी पूर्णेतून तापीला जातं, पैनगंगेचं वर्धा-प्राणहितेतून गोदावरीला. उताराचं रान मोडलं, बांध कोरले, उताराच्याच दिशेनं पेरलं, की काळी माती पावसाबरोबर नाल्यात जाते. पाणीही न मुरता एकदम धावतं. गाळानं पात्र उथळ होतं, पूर पसरतो आणि काठ कापतो. याउलट वर धरणात वाळू अडली अन् खाली आपण वाळू उपसली, तर पात्र खोल जातं, दरडी ढासळतात, काठच्या विहिरी उतरतात. दोन्हीकडून जमीन जाते ती शेतकऱ्याचीच.

जोतिबांना 1888 साली मुंबईत जनतेनं 'महात्मा' म्हटलं. अर्धांगवायूनंतरही ते डाव्या हातानं लिहीत राहिले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले.

तेव्हा सरपंच, तलाठी, कृषी सहायक मंडळींनो, नाला खोल करण्याचा ठराव घेण्याआधी माथ्यावर एक चक्कर मारा. काम तिथून खाली उतरलं पाहिजे. आणि शेतकरी बंधूंनो, उताराला आडवं पेरा, बांध राखा, काठाची झाडं तोडू नका. बांध कोरून दोन तास जास्त मिळतील, पण नदी कोपली तर एकर जाईल.