विश्लेषण : कर्जखतामागचा हिशेब तपासणारे न्यायमूर्ती रानडे

नंदुरबार तालुक्यातील रनाळे १८७९ मध्ये खान्देश जिल्ह्यात मोडत होते. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते धुळे. त्याच वर्षी न्यायाधीश महादेव गोविंद रानडे यांची धुळ्याला बदली झाली आणि त्याच वर्षी कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदाही झाला. मात्र तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. खान्देश त्याबाहेर राहिला.

रानडे कोण होते?
जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. १८६६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश झाले आणि सार्वजनिक सभेच्या कामाला त्यांनी दिशा दिली.

कायद्याची गरज का पडली?
शेतसारा रोखीने भरावा लागे, त्यामुळे पीक बुडाले की सावकाराचे दार. निरक्षर शेतकरी न वाचताच कर्जखतावर निशाणी करी. कोर्ट मात्र कागदावरचा आकडाच खरा धरी. शेतकरी हजर नसला की एकतर्फी हुकूमनामा होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली.

नव्या कायद्याने काय बदलले?
• कर्जखतावर न थांबता कोर्ट व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासू लागले.
• थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त धरता येईना. हेच आपले जुने दामदुप्पट.
• कर्ज हप्त्याने फेडण्याची सोय झाली.
• सावकाराला पावती आणि हिशेब देणे बंधनकारक झाले.
• कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले.

रानडे यांचे काम काय?
१८८१ पासून त्यांनी या कायद्याखाली साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. फिरतीवर जाऊन खालच्या कोर्टांचे निवाडे तपासणे हे त्यातले मुख्य काम. १८८७ मध्ये ते विशेष न्यायाधीश झाले, तर १८९३ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती. कायद्याने सावकाराला आवर बसेल, पण पेरणीला पैसा कोण देणार? म्हणून सारा माफक असावा आणि शेतकी बँका निघाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो १९०४ मध्ये.

आज त्याचे काय?
दख्खनचा कायदा पुढे इलाख्याच्या इतर भागांतही लागू झाला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही परवाना, पावती, हिशेब आणि दामदुप्पटीची मर्यादा आहे. मात्र कोऱ्या कागदावर सही देणाऱ्या कर्जदाराला आपला हिशेब सिद्ध करणे आजही अवघड जाते. म्हणून पावती मागणे हा कर्जदाराचा हक्क आहे. तो पहिल्याच दिवशी बजावावा.