पोकळ बैल आणि पाखरे

इंग्लंडच्या उत्तरेकडे यॉर्कशायर हा डोंगराळ मुलूख आहे. तेथे स्वेल नदीच्या खोऱ्यात थ्वेट नावाचे एक लहानसे खेडे आहे. दगडी घरे, दगड रचून केलेले बांध, हिरवी कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या मेंढ्या असे त्याचे रूप. या खेड्यात २ जानेवारी १८६२ रोजी रिचर्ड कीर्टन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील शेतकरी होते. ते मेंढ्या पाळत. रिचर्डनंतर नऊ वर्षांनी, १८७१ साली, चेरी हा भाऊ जन्मला. पुढे या दोघांची नावे नेहमी जोडीनेच घेतली जाऊ लागली. म्हणून एकाची गोष्ट सांगताना दुसऱ्याला वगळता येत नाही.

रिचर्डचे बालपण कुरणांत आणि ओढ्याकाठी गेले. कोणते पाखरू कोठे घरटे बांधते, किती अंडी घालते, त्या अंड्यांवर ठिपके कसे असतात, हे सारे त्याला तोंडपाठ होते. त्या काळी इंग्लंडमधील मुले रानात घरटी शोधत आणि त्यांतली अंडी घरी आणत. त्यात कोणी काही वाईट मानत नसे. अशाच घरट्यांच्या शोधात रिचर्डला अपघात झाला. मांडीचा सांधा दुखावला आणि उपचारही नीट झाले नाहीत. त्याचा एक पाय कायमचा आखूड राहिला. तो लंगडत चालू लागला. डोंगरउतारावर मेंढ्यांमागे धावणाऱ्या घरातल्या मुलाला हे दुःख लहान नव्हते. तरी पाखरांचे वेड काही कमी झाले नाही. त्यांचे आवाज तो हुबेहूब काढू लागला.

या आवाजानेच त्याचे नशीब उघडले. त्या डोंगरांत ग्राउस नावाचा, आपल्या तित्तिरासारखा पक्षी असतो. ऑगस्ट महिना आला की शहरातले श्रीमंत लोक त्याची शिकार करायला येत. एकदा लंडनमधील कॅसल या प्रकाशनसंस्थेचे गॅल्पिन नावाचे गृहस्थ तेथे आले होते. रिचर्डने ग्राउसचा आवाज काढून पक्ष्यांना जवळ बोलावले. या तरुणाचे कसब आणि त्याचे पक्ष्यांविषयीचे ज्ञान पाहून गॅल्पिन चकित झाले. त्यांनी त्याला आपल्याकडे नोकरी देऊ केली. १८८२ साली वीस वर्षांचा रिचर्ड खेडे सोडून लंडनला आला. पाखराचा आवाज काढून कचेरीतली नोकरी मिळवणारा असा माणूस दुसरा क्वचितच झाला असेल.

लंडनमध्ये दिवसभर टेबलाशी बसून काम असे. काही वर्षांनी वडील वारले आणि धाकटा चेरीही त्याच संस्थेत कामाला आला. दोघांनाही गावची फार आठवण येई. सुट्टी मिळाली की ते शहराबाहेरच्या शेतांत आणि झाडीत भटकायला जात. चेरीने एक साधा, स्वस्तातला कॅमेरा घेतला होता. १० एप्रिल १८९२ रोजी लंडनजवळच्या एनफिल्ड भागात हिंडताना त्यांना थ्रश पक्ष्याचे घरटे दिसले. थ्रश म्हणजे आपल्याकडच्या कस्तुर पक्ष्याचा भाऊबंद. घरट्यात अंडी होती. चेरीने त्यांचे छायाचित्र घेतले. रानात, जागच्या जागी, अंड्यांसह घेतलेले घरट्याचे हे पहिले छायाचित्र मानले जाते. रिचर्ड यांनी ते पाहिले आणि एक कल्पना त्यांच्या मनात पक्की बसली. इंग्लंडमधील सगळ्या पक्ष्यांच्या घरट्यांची अशीच छायाचित्रे घ्यायची आणि त्यांचे पुस्तक करायचे.

आज हे ऐकून नवल वाटत नाही. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. तिच्यात फिल्म नव्हे, रसायन लावलेली काच बसवावी लागे. दोघे भाऊ वापरत ती काच सुमारे साडेसोळा सेंटिमीटर लांब आणि बारा सेंटिमीटर रुंद असे. एका काचेवर एकच चित्र. म्हणजे दहा चित्रे हवी असतील तर दहा काचा पाठीवर वाहून न्यायच्या, त्या फुटू द्यायच्या नाहीत आणि त्यांना उजेडही लागू द्यायचा नाही. उजेड कमी असला तर भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात पाखराने मान हलवली तर काचेवर नुसता धूसर डाग उमटे. उडत्या गरुडाचा फोटो आज शाळकरी मुलगाही काढू शकतो. त्या काळी घरट्यावर शांत बसलेल्या चिमणीचा फोटो मिळाला तरी दिवस सार्थकी लागला असे वाटे.

आणि हे सारे नोकरी सांभाळून चालले होते. झाड उंच असेल तर चेरी रिचर्ड यांच्या खांद्यावर उभा राही. घरटे कड्यावर असेल तर तो दोराने खाली उतरे. पाठीवर कॅमेरा, खाली खवळलेला समुद्र आणि वर दोर धरून उभी असलेली माणसे. पायाने अधू असलेले रिचर्डही कडे आणि डोंगर टाळत नसत. तीन वर्षांच्या अशा कष्टांनंतर १८९५ साली त्यांचे पुस्तक कॅसल संस्थेनेच प्रसिद्ध केले. मजकूर रिचर्ड यांचा, छायाचित्रे चेरी यांची. त्यापूर्वी पक्ष्यांच्या पुस्तकांत हाताने काढलेली चित्रे असत, आणि चित्रकारापुढे बहुधा मेलेला, भुसा भरलेला पक्षी असे. रानात घेतलेल्या छायाचित्रांनी सजलेले असे पुस्तक वाचकांनी पूर्वी पाहिलेच नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. घरटी कशी, कोठे आणि केव्हा शोधावीत, हे त्या पुस्तकाच्या नावातच सांगितले होते. त्या काळी अंडी जमवण्याचा छंद फार पसरला होता. मोठी माणसेही अंड्याला बारीक भोक पाडून आतला बलक काढत आणि टरफले कापसात घालून कपाटात मांडून ठेवत. पक्षी जितका दुर्मीळ तितकी त्याच्या अंड्याची किंमत जास्त, आणि किंमत वाढली की त्याच्या घरट्यावर आणखी धाड पडे. अशा लोकांच्या हातीही हे पुस्तक पडलेच असणार. चांगल्या हेतूने लिहिलेले पुस्तक वाचणारा कसा वापरील, हे लेखकाच्या हाती नसते. परंतु छंदाची नवी वाट या पुस्तकामुळे मोकळी झाली हेही खरे. घरट्यापाशी जायचे, पाहायचे, चित्र घ्यायचे आणि अंडी तेथेच ठेवून परत यायचे, ही ती वाट. ज्या घरट्यांच्या नादात पाय गेला, त्याच घरट्यांकडे रिचर्ड आता रिकाम्या हातांनी जाऊन रिकाम्या हातांनी परतत होते.

घरट्याची चित्रे झाली. आता घरट्यावरचे पाखरू हवे होते. ते तर माणूस दिसताच उडून जाई. मग रिचर्ड यांनी लपण तयार करण्याचा सपाटा लावला. शिकारी लपून बसतो तसे बसायचे, पण हातात बंदूक नव्हे, कॅमेरा घेऊन. पाखरे गाईगुरांना भीत नाहीत, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक होते. त्यांनी एका बैलाचे कातडे मिळवले आणि ते लाकडी सांगाड्यावर चढवून आतून पोकळ असा बैल तयार करवून घेतला. माणसाने त्याच्या पोटात शिरायचे, वाकून उभे राहायचे आणि बैलाच्या अंगातल्या भोकातून भिंग बाहेर काढायचे. हा बैल उचलून कुरणात घरट्याजवळ नेऊन ठेवत. चंडोलासारखी जमिनीवर घरटे करणारी पाखरे त्याला खरा बैल समजत.

आत मात्र फार हाल होत. उन्हाळ्यात कातडे तापे. कमरेत वाकून तासन्‌तास उभे राहावे लागे, आणि रिचर्ड यांचा तर एक पाय आखूड. एकदा आत असताना त्यांचा तोल गेला आणि बैलासकट ते आडवे झाले. बैलाचे चारी पाय वर आणि आत अडकलेला माणूस! स्वतःहून बाहेर येणे शक्य नव्हते. बऱ्याच वेळाने चेरी परत आला, आणि त्याने भावाला सोडवण्याआधी त्या उलट्या बैलाचे छायाचित्र काढून घेतले, असे सांगतात. आकाशाकडे पाय केलेल्या त्या बैलाचे चित्र पुढे फार गाजले.

बैलाप्रमाणे त्यांनी मेंढीही केली. भुसा भरलेल्या मेंढीत कॅमेरा लपवून ते दूर जाऊन बसत. कॅनव्हासचा खोटा खडक केला. आत माणूस उभा राहू शकेल असा झाडाचा खोटा बुंधा केला. त्याला रंग देऊन, वर वेली लावून तो इतका खरा दिसे की शेजारून जाणाऱ्यालाही समजत नसे. आज पक्ष्यांचे छायाचित्रकार हिरव्या कापडाच्या लपणात बसतात. त्या लपणाचे पूर्वज म्हणजे हा बैल आणि हा बुंधा.

१८९६ साली दोघे भाऊ सेंट किल्डा बेटांवर गेले. ही बेटे स्कॉटलंडच्या पश्चिमेस भर समुद्रात आहेत. तेथे मोजकीच कुटुंबे राहत. समुद्रपक्षी हेच त्यांचे मुख्य अन्न. माणसे दोराने उंच कड्यांवरून उतरत, पक्षी व अंडी आणत आणि पक्ष्यांच्या तेलावर दिवे लावत. रिचर्ड यांनी या लोकांना नावे ठेवली नाहीत. पोटासाठी पक्षी मारणारा गरीब बेटकरी आणि कपाट भरण्यासाठी अंडी नेणारा श्रीमंत माणूस यांत फरक आहेच. भावांनी तेथील पक्ष्यांची आणि माणसांचीही छायाचित्रे घेतली. ती १८९७ च्या त्यांच्या पुस्तकात आली. पुढे १९३० साली तेथील उरलेल्या ३६ रहिवाशांना मुख्य भूमीवर आणण्यात आले आणि बेटांवर पक्ष्यांचेच राज्य राहिले. त्या माणसांचे जीवन कसे होते हे आज समजते, त्याला कीर्टन बंधूंच्या काचांचाही हातभार आहे.

योगायोग असा की, भाऊ सेंट किल्डाला गेले त्याच १८९६ साली मुंबईत सलीम अली यांचा जन्म झाला. त्यांच्याही गोष्टीची सुरुवात बंदुकीपासूनच होते. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते लहानपणी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले होते, हे तुम्ही वाचले असेल.

पुढे रिचर्ड यांनी नोकरी सोडली. पुस्तके लिहिणे आणि गावोगावी व्याख्याने देणे हाच त्यांचा व्यवसाय झाला. अंधाऱ्या सभागृहात काचेवरची चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून दाखवत. ज्यांनी कधी शहराबाहेर पाऊल टाकले नव्हते, अशा लोकांना चोचीत अळी धरलेली पाखराची आई भिंतीएवढी दिसे. लोक खूप गर्दी करत. रिचर्ड बोलायचे गावाकडच्या माणसासारखे, मिश्कील आणि सरळ. पायाचे दुखणे मात्र त्यांना कधी सोडून गेले नाही.

तरीही छायाचित्रे सगळ्यांना वाचवू शकली नाहीत. समुद्रकाठच्या कड्यांवर राहणारा पांढऱ्या शेपटीचा गरुड हा ब्रिटनमधील सर्वांत मोठा शिकारी पक्षी. तो कोकरे पळवतो म्हणून मेंढपाळ त्याला मारत, जमीनदारांचे नोकर विष घालत आणि अंडी जमवणारे त्याचे घरटे लुटत. १९१६ साली स्काय बेटावर त्याचे शेवटचे घरटे झाले. १९१८ साली शेटलंड बेटांत शेवटचा गरुड गोळीला बळी पडला. हे सारे रिचर्ड यांच्या डोळ्यांदेखत, त्यांची पुस्तके घरोघर पोचल्यानंतर घडले. बहुतेक रानपक्ष्यांची अंडी उचलणे हा गुन्हा ठरवणारा कायदा ब्रिटनमध्ये व्हायला १९५४ साल उजाडले. १९७५ पासून नॉर्वेतून गरुडाची पिल्ले आणून रम बेटावर सोडण्यात आली. आता त्या कड्यांवर पुन्हा गरुडांची घरटी आहेत, आणि अशा दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याजवळ फोटो काढायचा असेल तर तेथे आधी परवाना घ्यावा लागतो. कॅमेऱ्यानेही पाखरू बिथरते आणि अंडी गारठतात. पोकळ बैलात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या रिचर्ड यांना हा नियम खचितच जाचक वाटला नसता.

चेरी पुढे चलचित्रांकडे वळले. आफ्रिकेत जाऊन त्यांनी वन्य प्राण्यांचे चित्रपट काढले. त्यांचे व्याख्यान ऐकणाऱ्यांत डेव्हिड ॲटनबरो नावाचा एक लहान मुलगा होता. तो पुढे निसर्गपटांमुळे जगभर प्रसिद्ध झाला. १९४० साली चेरी वारले. रिचर्ड त्यांच्या आधीच, ८ फेब्रुवारी १९२८ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी मरण पावले होते.

थ्वेट गावात कीर्टनांचे घर अजून आहे. त्याच्या दारावरच्या दगडात पशुपक्षी कोरलेले आहेत. जवळच म्यूकर गावात दोघे ज्या शाळेत शिकले तिच्या भिंतीवर दोन पाट्या आहेत, एक रिचर्ड यांच्या नावाची आणि दुसरी चेरी यांच्या.