व्यवसाय-मार्गदर्शनाचे आद्य प्रवर्तक : फ्रँक पार्सन्स

शाळा संपत आली की प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? आपल्या घरांतून या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या माणसांची वानवा कधीच नसते. दहावीचा निकाल हाती पडला की मामा, आत्या, शेजारचे निवृत्त गृहस्थ, किंबहुना नाक्यावरचा दुकानदारदेखील सल्ला देऊन मोकळा होतो. या सर्वांची कळकळ खरी असते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु सल्ल्याला केवळ कळकळ पुरेशी आहे काय? सल्ला देणे हीसुद्धा एक विद्या आहे व ती रीतसर शिकली पाहिजे, असे आग्रहाने मांडून तिच्या शिक्षणाची योजना ज्यांनी आखली, त्या फ्रँक पार्सन्स यांचे चरित्र आमच्या वाचकांस परिचित व्हावे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

पार्सन्स यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1854 रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानातील माउंट हॉली या गावी झाला. बुद्धी इतकी तल्लख की ज्या वयात इतर मुले शाळेच्या बाकावर असतात, त्या वयात ते कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले आणि 1873 साली इंजिनिअरिंगचे शिक्षण पुरे करून बाहेर पडले. आता या तरुणाचा मार्ग सरळ आहे, असे कोणीही म्हटले असते. पण दैवाची योजना निराळी होती. रेल्वेच्या एका कंपनीत त्यांना काम मिळाले खरे. परंतु त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, कंपनीचे दिवाळे वाजले आणि पदवीधर इंजिनिअरावर लोखंडाच्या कारखान्यात मजुरी करण्याची पाळी आली.

पुढे त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील साउथब्रिज येथे शिक्षकाचे काम पत्करले. तेथे त्यांनी चित्रकलासुद्धा शिकविली. वादविवादातील त्यांची तडफ पाहून एका वकिलाने त्यांना कायद्याकडे वळविले. कित्येक वर्षांचा अभ्यास त्यांनी एका वर्षात उरकला व 1881 साली सनद मिळविली; पण त्या श्रमांनी प्रकृती इतकी ढासळली की न्यू मेक्सिकोच्या मोकळ्या हवेत तीन वर्षे काढावी लागली. बॉस्टनला परतून त्यांनी वकिली थाटली, तीही मनास रुचली नाही. त्यांनी कायद्याची पुस्तके लिहिली, बॉस्टन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात अध्यापन केले, शहराचे पाणी, दिवे व ट्राम लोकांच्या मालकीचे असावेत म्हणून लेखणी झिजविली. 1895 साली बॉस्टनच्या महापौरपदासाठी ते उभे राहिले आणि पराभूत झाले. 1897 मध्ये कॅन्सस येथील कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी तेथील राजकारणाचे वारे फिरले व त्यांना ती जागा सोडावी लागली.

इंजिनिअर, मजूर, शिक्षक, वकील, ग्रंथकार, प्राध्यापक! आमच्याकडे अशा माणसाला एका धंद्यावर न टिकणारा म्हणून नावे ठेवण्यात आली असती. तथापि आमच्या मते ही वणवणच त्यांच्या पुढील कार्याची खरी शाळा ठरली. इतका बुद्धिमान माणूस जर योग्य स्थळी पोहोचण्यासाठी इतका काळ भटकतो, तर सामान्य मुलाची काय कथा?

त्या मुलांची भेट त्यांना बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात झाली. इटलीतून व पूर्व युरोपातून आलेली गरीब कुटुंबे तेथे दाटीवाटीने राहत. त्यांच्यासाठी 1901 साली पॉलिन अगासिझ शॉ या दानशूर बाईंच्या द्रव्यसाहाय्याने सिव्हिक सर्व्हिस हाऊस ही संस्था निघाली होती. मेयर ब्लूमफील्ड हे तिचे चालक. तेथे 1905 साली पार्सन्स यांनी दिवसभर राबणाऱ्या तरुणांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. कोणता धंदा का धरला, असे विचारता बहुतेकांचे उत्तर एकच असे : जे काम पहिले हाती लागले, ते धरले! माणसे घर घेताना दहा ठिकाणी चौकशी करतात आणि आयुष्यभराचा धंदा मात्र वाटेत पडलेल्या वस्तूसारखा उचलतात, याचे त्यांना फार वाईट वाटे.

ब्लूमफील्ड यांच्या विनंतीवरून त्यांनी शाळा सोडणाऱ्या मुलांपुढे या विषयावर भाषण केले. भाषण संपल्यावर अनेक मुले स्वतंत्र भेटीची वेळ मागू लागली. त्यातून 13 जानेवारी 1908 रोजी व्होकेशन ब्यूरो ही कचेरी उघडली, व मे महिन्यात पार्सन्स यांनी जो पहिला अहवाल सादर केला, त्यात ऐंशी स्त्रीपुरुषांच्या भेटींचा हिशेब दिला.

त्यांची रीत अशी होती. उमेदवाराने प्रथम स्वतःला ओळखावे : आपली शक्ती, आवड, उणिवा, परिस्थिती. नंतर निरनिराळ्या धंद्यांना काय लागते, त्यांत मिळकत किती, पुढे वाव किती, याची माहिती मिळवावी. आणि शेवटी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून शांतपणे विचार करावा. यासाठी त्यांनी शंभराहून अधिक प्रश्नांची एक लांबलचक प्रश्नावली केली होती व ती उमेदवाराने घरी बसून प्रामाणिकपणे भरावयाची असे.

एक हकिकत सांगण्याजोगी आहे. एकोणीस वर्षांचा एक मुलगा डॉक्टर होण्याची इच्छा धरून त्यांच्याकडे आला. अंगाने कृश, चेहरा उदास, हस्तांदोलनात जीव नाही, वाचनाची आवड नाही. पार्सन्स यांनी त्याची टर उडविली नाही, की खोटा धीरही दिला नाही. आजाऱ्याला आपल्या खोलीत कसा माणूस आलेला आवडेल, हे त्यांनी त्याच्याकडूनच वदवून घेतले. मग गुरांचे गोठे, शेते, सुतारांचे व चांभारांचे काम प्रत्यक्ष पाहून येण्यास सुचविले, आणि निर्णय मात्र तुझा तूच करावयाचा आहे, हे निक्षून सांगितले. आम्हा शिक्षकांना हे शेवटचे पाऊल फार कठीण वाटते! मुलाचे हित आपल्याला त्याच्याहून अधिक कळते, ही समजूत सहजी सुटत नाही.

पार्सन्स यांचे सारेच ग्राह्य मानावे असे मात्र नाही. मुलाखत घेताना ते उमेदवाराच्या डोक्याचा आकारही न्याहाळीत व त्यावरून स्वभावाचे अनुमान बांधीत. त्या काळी अनेक सुशिक्षितांचा या समजुतीवर विश्वास होता; पुढे शास्त्राने ती निराधार ठरविली.

पण त्यांच्या दूरदृष्टीचा खरा प्रत्यय येतो तो सल्लागारांच्या शिक्षणाविषयीच्या विचारांत. आपण एकटे किती मुलांना पुरणार, हे ते जाणून होते. म्हणून बॉस्टनच्या वाय. एम. सी. ए. संस्थेच्या आश्रयाने सल्लागार तयार करणारा वर्ग काढण्याची योजना त्यांनी आखली. उमेदवार प्रौढ व चारित्र्यवान असावा, त्याला जगाचा व माणसांचा अनुभव असावा, मानसशास्त्राचे व्यवहारोपयोगी ज्ञान असावे, धंद्यांची व शिक्षणसंस्थांची खडान्‌खडा माहिती असावी आणि मुलांशी जिव्हाळ्याने पण स्पष्ट बोलण्याची हातोटी असावी, अशा त्यांच्या अपेक्षा होत्या.

या बीजाचा वृक्ष पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. कचेरी उघडून वर्षही झाले नव्हते, तोच 26 सप्टेंबर 1908 रोजी, वयाच्या 53 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ते आजन्म अविवाहित होते. त्यांचे टिपण व लेख रॅल्फ अल्बर्टसन या स्नेह्याने जुळविले आणि ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक 1909 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बॉस्टनच्या शाळांतून शंभराहून अधिक शिक्षक व्यवसाय-सल्लागार म्हणून नेमले गेले. 1911 साली ब्लूमफील्ड यांनी हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचा वर्ग घेतला. एखाद्या विद्यापीठाने असे शिक्षण देण्याचा हा प्रारंभ मानला जातो. 1917 मध्ये ब्यूरोच हार्वर्डमध्ये विलीन झाला.

आपल्या देशात मुंबईच्या पारशी पंचायतीने 1947 साली मार्गदर्शन-केंद्र काढले. 1954 साली दिल्लीस केंद्र सरकारची कचेरी निघाली. अमेरिकेत या शिक्षणाला खरी भरती आली ती रशियाने 1957 साली स्पुटनिक आकाशात सोडल्यावर. हुशार मुले हेरून त्यांना विज्ञानाकडे वळविणारे सल्लागार हवेत, म्हणून 1958 च्या कायद्याने त्यांच्या प्रशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला. पार्सन्स यांना मुलाचे सुख अभिप्रेत होते, सरकारला राष्ट्राची गरज. दोहोंतले अंतर आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

आज अमेरिकेतील बहुतेक राज्यांत शालेय समुपदेशकाला पदव्युत्तर पदवी लागते. तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत पुस्तकी विषयांखेरीज आधी शंभर तासांचा सराव व नंतर सहाशे तासांची उमेदवारी करावी लागते. या सहाशेंपैकी निदान दोनशे चाळीस तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमवेत घालवावयाचे असतात. अनुभवी गुरू त्याचे संभाषण तपासतो : मुलाचे बोलणे मध्येच तोडले काय, उत्तर आपणच सुचविले काय, गुपित राखले काय. मानवी वाढ, कसोट्या, धंद्यांची माहिती, नीतिनियम हे सारे विषय त्यात आहेत. डोक्याचा आकार न्याहाळणे तेवढे केव्हाच वगळले गेले.